एकशे चाळीसवर अडलेला काटा

जयपूरला बदली होऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. मुलगी नववीत गेली आणि तिने एअर रायफल हातात घेतली. जवाहर नगरमधल्या एका शाळेच्या तळघरात दहा मीटरची रेंज होती. जागा शाळेची, पण रेंज चालवायचो आम्ही पंधरा-वीस पालक मिळून. कोणी दिवे बसवले, कोणी लक्ष्याचे कागद आणले. माझ्याकडे कॉम्प्रेसर आला, कारण त्याचं इंग्रजी मॅन्युअल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला माणूस मी एकटाच होतो.

ज्यांनी असं यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. या रायफलमध्ये दारू नसते. नळीखाली एक छोटं सिलिंडर असतं, त्यात दाबून भरलेली हवा असते, आणि तीच छर्रा ढकलते. हा दाब दोनशे बार लागतो, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळजवळ शंभरपट. आमचा कॉम्प्रेसर प्रवासी पेटीएवढा होता, दोघांनी कड्या धरल्या की उचलला जायचा. तो आधी एक मोठं सिलिंडर भरायचा, मग त्यातून मुलं आपापली लहान सिलिंडरं भरून घ्यायची. मोठं सिलिंडर भरायला पाऊण तास लागे. आवाज इतका की शेजारच्या माणसाशीही बोलता येत नसे.

यंत्र चालवायला उस्ताद होते. शेखावाटीतल्या एका गावचे, लष्करातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, साठीच्या आसपासचे. मुलगा-सुनेबरोबर मानसरोवरला राहायचे आणि रोज दुपारी चारला सायकलवरून रेंजवर यायचे. रेंजची किल्ली त्यांच्याकडे असे. त्यांना सगळेच उस्ताद म्हणत, मुलं उस्तादजी म्हणत.

त्यांचं आणि माझं फारसं जमत नव्हतं, हे कबूल करायला हवं. मी मॅन्युअल उघडून काही सांगायला लागलो की ते हात मागे बांधून ऐकत आणि शेवटी म्हणत, "किताब में जो लिखा है साहब, वो मशीन ने थोड़े ही पढ़ा है."

मुलगी हसायची. घरी येताना स्कूटरवर मागे बसून म्हणायची, "बाबा, आजी पोथी वाचायची ना, तुम्ही मॅन्युअल तसंच वाचता. मतलब, बोट ठेवून."

मी बोट ठेवूनच वाचायचो. बुलडाणा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, मराठी शाळेत शिकलेला मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील दुसऱ्याच्या पिठाच्या गिरणीवर कामाला होते. कॉलेजात भौतिकशास्त्राला जे सर लाभले त्यांच्यामुळे मी बँकेत लागलो, असं मी अजूनही मानतो. प्रयोगवहीत आधी निरीक्षण लिहायचं आणि मग अनुमान, हा क्रम त्यांनी हातावर पट्टी मारून शिकवला होता. इंग्रजी छापील कागदाबद्दल मला जी भक्ती आहे तीही तिथलीच. ज्या कागदांनी आपल्याला वर काढलं त्यांच्यावर माणूस सहज शंका घेत नाही. शंका मग दुसरीकडे जाते.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. एका भरणीत शंभरावर छर्रे मारणारी मुलं साठ-सत्तरवर थांबू लागली. मी दाबमापक पाहिला. काटा एकशे चाळीसवर येऊन अडायचा आणि पुढे हलायला तयार नसायचा.

"कब से है ये?" मी उस्तादांना विचारलं.

"गाँव से लौटा हूँ तब से देख रहा हूँ. टाइम भी ज़्यादा ले रही है, सवा-डेढ़ घंटा."

नवरात्रात उस्ताद गावी कुलदेवीला जात. त्या दहा दिवसांत किल्ली माझ्याकडे होती आणि यंत्र उत्तम चाललं होतं. नवमीला मी स्वतः ते स्वच्छ करून, पुसून ठेवलं आणि दसऱ्यानंतर त्यांच्या ताब्यात दिलं. त्यांच्या ताब्यात गेलं आणि बिघडलं. सरळ हिशेब होता.

तरी मी रीतीने सुरुवात केली. मॅन्युअलच्या शेवटी बिघाडांचा तक्ता होता, तो उतरून काढला. पहिलं कारण, गळती. साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडावर ब्रशने लावलं. कुठे बुडबुडा नाही. दुसरं, विजेचा दाब कमी असणं. मीटर लावून पाहिला, ठीक होता. तिसरं, दाबलेल्या हवेतून निघणारं पाणी सोडायची तोटी. ती नीट बंद होत होती. पट्टा ताठ होता. कोरडेपणासाठी असलेली गाळणीची नळी बदलली. काटा एकशे चाळीसवरच.

चौथ्या दिवशी मी समोर बसून घड्याळ लावलं. ऐंशी मिनिटं यंत्र चाललं आणि एकशे चाळीसला थांबवावं लागलं, कारण डोकं इतकं तापलं होतं की हात जवळ नेववेना. यंत्र बंद केल्यावर उस्ताद पुढे आले.

"साहब, मैंने मुँह पर हथेली रखी थी, चलती मशीन में." हवा आत ओढली जाते त्या गाळणीला ते तोंड म्हणत. "ये साँस खींचती भी है और उल्टी छोड़ती भी है. पहले सीने में कुछ अटका है. इजाज़त हो तो ऊपर का ढक्कन खोलूँ. छह बोल्ट हैं."

मी मॅन्युअल पाहिलं. तोंडावर हात ठेवून पाहा असं त्यात कुठेही नव्हतं. उलट, वरचं डोकं अधिकृत माणसानेच उघडावं असं चौकटीत लिहिलं होतं.

"नहीं. खोलना नहीं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पाना परत पिशवीत ठेवला. पाना त्यांनी आधीच काढून ठेवला होता. तेवढ्याने माझ्या मनात पाल चुकचुकली. यांना उघडायची इतकी घाई का? आत काही बदललंय का, जे आता परत बसवायचंय?

एकदा असा विचार आला की सगळं त्याच रंगाचं दिसायला लागतं. दोनच दिवसांपूर्वी मी रेंजच्या फाटकाशी एक जीप उभी पाहिली होती. उस्ताद खिडकीत वाकून आतल्या माणसाशी बोलत होते आणि मला पाहताच बोलणं संपवून आत आले होते. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. शहराबाहेर एअरगनने तितर मारणारे लोक आहेत असं कोणीतरी म्हणालं होतं. त्यांना हवा कुठून मिळत असेल?

मग मी तासमापक पाहिला. यंत्र एकूण किती तास चाललं हे दाखवणारा तो छोटा आकडा मोटारीच्या बाजूला असतो. नवमीचा आकडा माझ्या डायरीत होता. त्यानंतर यंत्र एकवीस तास चाललं होतं. रजिस्टर उघडलं. त्या काळात सोळा सिलिंडरं भरल्याच्या सोळा खुणा होत्या. एका सिलिंडरला पाऊण तास, म्हणजे बारा तास. वरचे नऊ तास कुठे गेले?

त्या संध्याकाळी मला आनंद झाला होता, हे लिहिताना लाज वाटते. गणित सुटल्यावर होतो तसा आनंद.

मुलीला सांगितलं तर ती ताटावरून उठलीच. "तुम्ही उस्तादजींवर शक करताय? त्यांच्यावर?"

"शक नाही, आकडे आहेत."

"मग त्यांनाच विचारा ना डायरेक्ट."

"विचारल्यावर कोणी खरं सांगतं का?"

"बाबा, ते मला माझ्या रायफलचे स्क्रू, स्प्रिंग, छर्र्याची डबी, सगळं मोजून परत देतात. एक छर्रा जास्त आला तरी बोलावून देतात." तिचे डोळे भरले होते. मराठीत भांडायला शब्द कमी पडले की ती हिंदीत जायची, तशी गेली आणि पुढचं सगळं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वास्तविक असा संशय काय करतो ते सगळ्यात आधी मलाच कळायला हवं होतं. आमच्या गिरणीवर बायका दळण घेऊन जायच्या आणि घरी जाऊन पुन्हा तोलायच्या. पीठ थोडं कमी भरलं की दुसऱ्या दिवशी वडिलांना सगळ्यांदेखत ऐकवायच्या. दळताना थोडं पीठ उडतंच, पण ते सांगून कोणाला पटायचं नाही. वडील पिठाने पांढरे झालेले हात जोडून उभे राहायचे. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी रेंजच्या सेक्रेटरींना फोन केला.

सेक्रेटरी म्हणजे मालवीय नगरातले जवाहिऱ्यांच्या घराण्यातले एक पालक, सभ्य पण घाईचे. आकडे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आप पक्का बोल रहे हैं ना, भाईसाहब?"

"नौ घंटे का फ़र्क़ है," मी म्हणालो. हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण त्यांनी ते उत्तर म्हणून घेतलं.

रविवारी सकाळी सगळे पालक असतात. त्यांच्यासमोर सेक्रेटरींनी उस्तादांकडून किल्ली मागून घेतली. चोरी हा शब्द कोणी उच्चारला नाही. "मशीन ज़्यादा चली है, रजिस्टर में कम है, जब तक बात साफ़ न हो तब तक आप आराम कीजिए," एवढंच. उस्तादांनी किल्ली खिशातून काढली, रुमालाने पुसली आणि टेबलावर ठेवली.

"फ़ौज में अट्ठाईस साल," ते म्हणाले, "एक पाना गुम नहीं हुआ मेरे हाथ से." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "ढक्कन खुलवा लीजिएगा साहब. वरना इंजन जाएगा."

आणि सायकलवर बसून गेले.

पुढच्या आठवड्यात यंत्र मी चालवलं. काटा एकशे चाळीसवर, मग एकशे तीसवर. उस्ताद नव्हते, जीप नव्हती, चोरून हवा भरणारं कोणी नव्हतं, आणि तरी काटा खालीच चालला होता. गुरुवारी मी कानांवर संरक्षक टोपणं चढवून, चालत्या यंत्राच्या तोंडावर वहीचा एक कपटा धरला. नीट हवा ओढली जात असती तर तो गाळणीला चिकटून बसला असता. तो चिकटायचा आणि लगेच उडायचा, चिकटायचा आणि उडायचा. हात जवळ नेला. यंत्राचा गरम श्वास माझ्या तळहातावर येत होता.

शनिवारी अर्धा दिवस रजा घेतली आणि सहा बोल्ट उघडले. यंत्राच्या आतल्या ज्या पहिल्या सिलिंडरात हवा आधी शिरते त्याच्या डोक्यात पातळ पोलादी पात्याची झडप असते. हवा आत घेताना ते पातं उघडतं आणि दाबताना घट्ट बसतं. पातं बसत नव्हतं. त्याच्या खाली काहीतरी चिरडलेलं अडकलं होतं. चिमट्याने काढून पांढऱ्या कागदावर ठेवलं. तेलाने काळपट झालेला दाणा. चिंधीने पुसला, तेव्हा आत लाल निघाला.

तांदळाचा दाणा होता. कुंकवाचा.

मी कागद दुमडून त्याची पुडी केली आणि खिशात ठेवली.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा करतात. वडील गिरणीच्या जात्याला हळद-कुंकू लावायचे. तो दिवस गिरणी बंद. मालक दुसऱ्याच जातीचा, दुसऱ्याच गावचा होता, पण पूजा वडीलच करायचे. "बाबू, जे आपल्याले खाऊ घालते त्याले एक दिवस हात जोडाव," म्हणायचे. जयपूरला माझ्याकडे स्कूटर सोडली तर दुसरं काही यंत्र नव्हतं. म्हणून त्या नवमीला मी पूजेचं ताट घेऊन एकटाच रेंजवर गेलो. यंत्र आधी स्वच्छ केलं. वरची गाळणी फिरवून काढली, ब्रशने झाडली, उन्हात ठेवली. नळीचं तोंड उघडं. तसंच हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार करून अक्षता टाकल्या. भरभरून टाकल्या. मग गाळणी परत घट्ट बसवली. डायरीत तासमापकाचा आकडाही लिहिला. त्या दिवसानंतर उस्ताद परत येईपर्यंत यंत्र कोणी सुरूच केलं नव्हतं. मी 'उत्तम चाललं होतं' म्हणत होतो ते नवमीच्या आधीचं.

आणि ते नऊ तास? रजिस्टर माझंच होतं. बँकेतल्या सवयीने मी छापील रकाने करून दिले होते. एका सिलिंडरला पंचेचाळीस मिनिटं, हे आधीच छापलेलं. उस्तादांनी फक्त खूण करायची. सोळा सिलिंडरं, प्रत्येकाला मी स्वतः मोजलेली ऐंशी मिनिटं. गुणाकार केला. एकवीस तास वीस मिनिटं. चौथ्या दिवशीच मोजलेला आकडा माझ्याच डायरीत होता आणि मी तो कशाशीच जोडून पाहिला नव्हता.

झडप पुसून बसवली, नवा गॅस्केट कापून घातला, बोल्ट आवळले. सत्तेचाळीस मिनिटांत काटा दोनशेवर गेला. मी सेक्रेटरींना फोन करून सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "भाईसाहब, छोड़िए. बोल देंगे पुर्जा घिस गया था. नया आदमी सोमवार से आ रहा है, उससे बात हो चुकी है. अब फिर से सब खोलेंगे तो सबकी हँसी होगी."

"हँसी मेरी होगी," मी म्हणालो.

"आपकी होगी तो मेरी भी होगी ना. चाबी तो मैंने ली थी."

त्यांचंही खरं होतं. पण सोमवारी नवा माणूस आला असता तर उस्तादांच्या नावावर ते नऊ तास कायमचे राहिले असते. मी म्हटलं, उद्या मी सगळ्यांसमोर बोलणार आहे, तुम्ही बोला अगर बोलू नका.

त्याआधी त्याच संध्याकाळी मानसरोवरला गेलो. उस्ताद अंगणात नातीची सायकल उलटी करून साखळी बसवत होते. त्यांच्या सुनेने पाणी आणून दिलं. मी खिशातून कागदाची पुडी काढून उघडली.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "ये तो चावल है."

"हमारे यहाँ नवमी को औज़ार की पूजा होती है. मैंने ही…"

"जानता हूँ. पूजा हम भी करते हैं, शस्त्र की." पुडी त्यांनी परत माझ्या हातात दिली. "पर मुँह ढँककर करते हैं, साहब."

हसले नाहीत. त्यांची सून मात्र दारामागे हसली असावी, कारण त्यांनी तिकडे एकदा रागाने पाहिलं.

मी माफी मागितली. हिंदीत माफी मागायला मला नीट येत नाही. शब्द येतात, पण ते कार्यालयातले येतात. ते ऐकत राहिले, साखळीचे तेलकट हात पुढे धरून. शेवटी म्हणाले, "चाबी सबके सामने ली थी."

"सबके सामने ही बोलूँगा."

रविवारी उस्तादही आले होते, सगळ्यांसमोर बोललो. पुडी दाखवली, छापील रकाना दाखवला, गुणाकार सांगितला. एक पालक हसले, दुसरे कोणी म्हणाले की मशीनला प्रसाद मानवला नाही. मुलगी मागे भिंतीशी उभी होती, तिने मान वर केली नाही. सेक्रेटरींनी आदल्या दिवशीची सगळी नाराजी गिळून किल्ली स्वतः उस्तादांपुढे धरली.

उस्तादांनी ती घेतली नाही.

"मशीन चलाऊँगा," ते म्हणाले. "बच्चों का नुक़सान क्यों हो. पर चाबी आप लोग रखिए. और मैं अकेले नहीं चलाऊँगा. कोई एक जन सामने बैठे, तब चलेगी."

सगळ्यांना वाटलं, राग आहे, आठ-पंधरा दिवसांत जाईल. कोणीतरी म्हणालंही, "अरे उस्ताद, अब किसको शक है आप पर?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बसायला कोण हे ठरवायची गरज पडली नाही.

मी बसू लागलो. बँकेतून सुटून थेट रेंजवर. एका स्टुलावर मी, यंत्रापलीकडे दुसऱ्यावर ते. दोघांच्याही कानांवर टोपणं. त्या आवाजात बोलता येत नसे, आणि यंत्र बंद झाल्यावर बोलण्यासारखं काही उरत नसे. भरणी सुरू झाली की ते बोटाने तासमापक दाखवत. मी आकडा पाहिला हे मान हलवून सांगेपर्यंत बोट तिथेच असे. संपल्यावर पुन्हा तसंच. मला कधी वाटे, हे मला शिक्षा करताहेत. कधी वाटे, नाही, हे फक्त स्वतःला जपताहेत. पंधरा दिवस गेले, हिवाळा गेला. त्यांनी कधी टोमणा मारला नाही. ती जीप कोणाची होती हे मला आजही माहीत नाही. विचारायची सोय मीच घालवली होती.

मार्चअखेरीस, वर्षसमाप्तीच्या कामात, मला एकदा दीड तास उशीर झाला. पोहोचलो तर तळघराच्या पायऱ्यांवर मुलं रायफलच्या पेट्या घेऊन बसलेली. कुलूप दुसऱ्या एका पालकांनी उघडून दिलं होतं आणि ते निघून गेले होते. दार उघडं, दिवे लागलेले, मोठं सिलिंडर रिकामं, नळी जोडून तयार. उस्ताद खोलीच्या बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते.

"बाबा, एक तासापासून सगळे बसलेत," मुलगी म्हणाली. "उस्तादजी सुरूच करत नाहीयेत."

"शुरू कर देते," मी धापा टाकत म्हणालो. "बच्चे रुके हुए हैं."

"आप नहीं थे," उस्ताद म्हणाले. ते उठले, मला आधी आत जाऊ दिलं, मी स्टुलावर बसेपर्यंत थांबले, आणि मग उंबरा ओलांडून आले.